हैबती पाथरवटाचा घाट

बसा नीट, आणि मधे मधे विचारू नका, माझा धागा तुटतो. फार वर्षं झाली याला. आपल्या कुसवड्यात हैबती नावाचा पाथरवट राहायचा. त्यानं घासलेल्या दगडावर मुंगीचासुद्धा पाय घसरायचा, असं म्हणतात. नदीचा घाट त्याचाच. बेचाळीस पायऱ्या, आणि अशा गुळगुळीत की पाटील पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचे.

हैबतीला त्या घाटाचा फार अभिमान, आणि बायकोवर त्याहून जास्त जीव. सारजा तिचं नाव. कितीही लांब कामाला जाऊ दे, दिवस मावळायच्या आत गडी घरी. सारजाच्या हातची भाकर नसेल तर त्याला घास उतरायचा नाही.

मग एका वर्षी गावात देवीची साथ आली. सारजा वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले. लेकी सासरी. हैबती तिला हाताला धरून पाण्याला न्यायला लागला, तर तिनं हात झिडकारला.

"गुरासारखं धरून नेऊ नका मला," म्हणाली, आणि उंबऱ्यात बसली ती बसलीच. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. हैबतीला एकच घोर लागला. उद्या आपण नसलो तर हिचं कसं व्हायचं?

आठ दिवस त्यानं विचार केला. नवव्या दिवशी सकाळी हातोडा आणि छिन्नी घेऊन घाटावर गेला आणि आपल्याच त्या गुळगुळीत पायऱ्यांवर घाव घालायला लागला. अगं बाई, काय गलका झाला! पाटील धावत आले.

"हैबती, डोकं फिरलं का तुझं? सोन्यासारखं काम नासवतोस?"

"डोळे गेलेत तिचे, पाटील. पाय नाही गेले."

सरळ पायऱ्यांवर त्यानं उभ्या रेघा कोरल्या, वळणावर तिरक्या, आणि पाण्याआधीच्या शेवटच्या पायरीवर नुसती टिंबं. घरापासून घाटापर्यंत तशाच फरशा बसवल्या. मग सारजाचा पाय पहिल्या फरशीवर ठेवला आणि स्वतः मागं सरला. ती एकटी उतरली. घागर भरून एकटी वर आली. कितीतरी दिवसांनी तिनं चूल पेटवली आणि म्हणाली, "भाकर करपली तर बोलायचं नाही, सांगून ठेवते."

त्या पावसाळ्यात घाटावर एकही बाई घसरली नाही. पाटलांनाही ते कळलं, आणि आपली चूक कबूल करायला ते आपणहून हैबतीच्या दारात आले.

पुढं हैबती गेला. पायांनी दगड झिजतो, पण बारा वर्षं त्या रेघा झिजल्या नाहीत, असं म्हणतात. सारजा उठायच्या आधी घाटावर टकटक ऐकू यायची. जाऊन बघावं तर कोणी नाही, पायऱ्यांवर फक्त दगडाचा ताजा भुगा. मग सारजाही गेली. त्याच पावसाळ्यात सगळ्या रेघा सपाट झाल्या.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात आपण एकेक घर एकेक पायरी कोरतो. पहिली पायरी पाटलांच्या घराची. कोरून झालं की गावातली सगळ्यात म्हातारी बाई डोळे मिटून, अनवाणी घाट उतरते. तिला कोणी हात द्यायचा नाही. जिथं तिचा पाय अडखळेल, त्या घरानं पायरी पुन्हा कोरायची.

यंदा तो मान माझा होता. डोळे मिटले तेव्हा पहिलं पाऊल टाकायला भ्याले, खोटं कशाला बोलू? पण वळण आलं ते पायाला कळलं, पाणी आलं तेही कळलं. खाली पोचले आणि तिथंच बसून रडले. माझा माणूस जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून एवढं सांभाळून मला कोणी नेलं नव्हतं.