टिकलूचा दोस्त आणि चिखलाची पिकअप

एक होतं पिल्लू. कोंबडीचं पिल्लू. पिवळं पिवळं, लिंबाएवढं. नाव त्याचं टिकलू.

यंदा कोंबडीला पिल्लू झालं एकच. टिकलूला ना भाऊ, ना बहीण. पण एक दोस्त होता. कुठे? भिवामामाच्या लाल पिकअपच्या दारात!

दार कसं? लख्ख! टिकलू टमाट्यांच्या उपड्या कॅरेटवर चढायचं. टुण्! दारात बघायचं. दारातही एक पिवळं पिल्लू! टिकलूने चोच उघडली, त्यानेही उघडली. टिकलूने मान वाकडी केली, त्यानेही केली. दोघं खेळायची दिवसभर.

एक दिवस पिकअप टमाटी पोचवून आली. चिखलातून आली. फच्याक फच्याक! दार माखलं. तोंड माखलं. नंबरसुद्धा माखला.

टिकलू कॅरेटवर चढलं. टुण्! बघतं तर काय? दोस्त गायब! नुसता वाळका चिखल.

"आई गं! माझा दोस्त हरवला!"

"हरवला नाही रे राजा," कोंबडीआई म्हणाली. "चिखलामागे लपलाय. जा, पिकअपला सांग. पण नीट जा हं. वर बघ, घार असेल. खाली बघ, चाक असेल. लवकर ये. आणि पळू नको!"

टिकलू निघालं. तुडुतुडू तुडुतुडू. वर बघितलं. खाली बघितलं.

"पिकअपताई, पिकअपताई, चमकतेस का?
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

पिकअप म्हणाली, "दुपटं पुसेल, तर मी चमकेन."

तेवढ्यात मागून कोण आलं? गडगडत, गडगडत? नारळाचा काथ्या! फुलामामी त्याने रोज भांडी घासायची.

"मी आहे ना! मी घासतो! खर्र खर्र!"

"नको रे बाबा काथ्या!" पिकअप ओरडली. "माझा रंग सोलशील!"

टिकलू निघालं. तुडुतुडू तुडुतुडू. वर बघितलं. खाली बघितलं. दुपटं दोरीवर झुलत होतं. जुनं जुनं, मऊ मऊ.

"दुपटंमावशी, दुपटंमावशी, पुसतेस का?
दुपटं नाही, चकाकी नाही.
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

दुपटं म्हणालं, "कोरडी माती पुसू? खडे फिरतील, ओरखडे उठतील! आधी फेस येऊ दे."

"मी आहे ना! मी घासतो! खर्र खर्र!"

"नको रे बाबा काथ्या!"

टिकलू निघालं. तुडुतुडू तुडुतुडू. वर बघितलं. खाली बघितलं. फेस गाडीच्या शांपूत बसला होता. बाटलीत.

"फेसदादा, फेसदादा, येतोस का?
फेस नाही, दुपटं नाही.
दुपटं नाही, चकाकी नाही.
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

"फुस्स! एवढा जाड चिखल! मी घसरू कुठून? आधी पाणी येऊ दे."

"मी आहे ना! मी घासतो! खर्र खर्र!"

"नको रे बाबा काथ्या!"

टिकलू निघालं. तुडुतुडू तुडुतुडू. वर बघितलं. खाली बघितलं. पाइप वेटोळं घालून पडला होता.

"पाइपकाका, पाइपकाका, पाणी देता का?
पाणी नाही, फेस नाही.
फेस नाही, दुपटं नाही.
दुपटं नाही, चकाकी नाही.
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

पाइप म्हणाला, "उन्हात पत्रा तापलाय तव्यासारखा! पाणी पडलं की चर्र! थेंब वाळतील, डाग पडतील. आधी सावली येऊ दे."

"मी आहे ना! मी डागसुद्धा घासतो!"

"नको रे बाबा काथ्या!"

टिकलू निघालं. तुडुतुडू तुडुतुडू. वर बघितलं. खाली बघितलं. चिंचेखाली सावलीआजी पसरली होती. गार गार.

"सावलीआजी, सावलीआजी, गाडीवर येतेस का?
सावली नाही, पाणी नाही.
पाणी नाही, फेस नाही.
फेस नाही, दुपटं नाही.
दुपटं नाही, चकाकी नाही.
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

"अरे लेकरा, मला कुठले पाय? भिवामामा गाडी आणेल, तर मी पांघरूण घालीन."

भिवामामा तिथेच होता. बाजेवर. तोंडावर टोपी. घुर्र... फुस्स! घुर्र... फुस्स!

"भिवामामा, भिवामामा, उठता का?
मामा नाही, सावली नाही.
सावली नाही, पाणी नाही.
पाणी नाही, फेस नाही.
फेस नाही, दुपटं नाही.
दुपटं नाही, चकाकी नाही.
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

टोपीखालून आवाज आला, "आधी चहा! चहा पोटात गेल्याशिवाय माझं इंजिन चालू होत नाही."

टिकलू निघालं. तुडुतुडू तुडुतुडू. वर बघितलं. खाली बघितलं. फुलामामी चुलीपाशी होती. डबे उघडत होती, डबे लावत होती. धाडधूड!

"फुलामामी, फुलामामी, चहा देतेस का?
चहा नाही, मामा नाही.
मामा नाही, सावली नाही.
सावली नाही, पाणी नाही.
पाणी नाही, फेस नाही.
फेस नाही, दुपटं नाही.
दुपटं नाही, चकाकी नाही.
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

"देऊ कसा? गाळणी कुठाय माझी? कालपासून शोधतेय. तुझ्या पिसांनी गाळू का?"

"मी आहे ना! मी गाळतो!"

"ईऽऽऽ! नको रे बाबा काथ्या!"

टिकलू दमलं. आईकडे गेलं. तुडु... तुडु... तुडु.

"आई गं आई,
गाळणी नाही, चहा नाही.
चहा नाही, मामा नाही.
मामा नाही, सावली नाही.
सावली नाही, पाणी नाही.
पाणी नाही, फेस नाही.
फेस नाही, दुपटं नाही.
दुपटं नाही, चकाकी नाही.
चकाकी नाही, दोस्त नाही.
आता मी खेळू कुणाशी?"

"गाळणी? ती कशी असते रे?"

"गोल असते. जाळीची असते. दांडा असतो."

आईने खुराड्यात डोकावलं. हळूच म्हणाली, "अगं बाई! ती तर तुझी गादी!"

जमीन ओली होती ना? टिकलूला सर्दी झाली असती ना? म्हणून आईनेच ती चोचीने ओढून आणली होती.

"आता काय करायचं?" आई म्हणाली. "गादी हवी, की दोस्त हवा?"

टिकलूने गादीकडे बघितलं. छान होती गादी. लिंबाएवढ्या अंगाला अगदी बरोब्बर.

"दोस्त!" टिकलू म्हणालं.

आईने दांडा धरला. टिकलूने मागून ढकललं. खडंग खडंग, खडंग खडंग!

"अगोबाई, सापडली!" मामी म्हणाली. "थांबा, आधी चांगली धुते हिला."

मग काय?

गाळणी आली, चहा आला. फुर्र फुर्र!
चहा आला, मामा उठला. घर्र घर्र! गाडी चिंचेखाली!
मामा उठला, सावली आली. गार गार!
सावली आली, पाणी आलं. सुर्रर्र! वरून खाली, वरून खाली. चिखल पळाला!
पाणी आलं, फेस आला. फस्स फस्स!

आणि मामाने न बघताच दुपट्याकडे हात नेला. हातात कोण आलं?

"आलोऽऽ! खर्र..."

पिकअप ओरडली, पाइप ओरडला, मामी ओरडली, टिकलू ओरडलं, "नको रे बाबा काथ्याऽऽ!"

मामा दचकला. काथ्या उडाला. पडला धप्पकन. कोपऱ्यात फुगून बसला.

फेस आला, दुपटं आलं. बादलीत बुचकळ, पीळ, पूस. हळू हळू, वरून खाली. पुन्हा पाणी, सुर्रर्र! दुपटं पिळून दार टिपलं.

दुपटं आलं, चकाकी आली. लख्ख!

टिकलू दाराकडे निघालं. वर बघितलं. खाली बघितलं... खाली चाक! काळं, खडबडीत, चिखलाने भरलेलं. त्याला कुठला लाल रंग?

"काथ्यादादा! चाक घासतोस का?"

काथ्याने मामाकडे बघितलं. मामाने पिकअपकडे. पिकअप हसली. सगळे म्हणाले,

"घास रे बाबा काथ्या!"

खर्र खर्र! खर्र खर्र! काथ्या नाचत सुटला. मामाने कॅरेट दाराशी आणून उपडं ठेवलं.

टिकलू कॅरेटवर चढलं. टुण्! आणि दारात? पिवळं पिवळं पिल्लू!

"चिव! कुठे होतास रे?"

मामीने टिकलूला नवी गादी केली. करवंटीत कापूस घालून. आता आई बघायला आली, पिल्लू कुठंय. तीही कॅरेटवर चढली. बघते तर दारात एक कोंबडी! शेजारी तिचं पिल्लू!

आईने मान ताठ केली.

"अहो बाई! लेकराला एवढं उंच कशाला चढवलंत? पडेल ना! आधी त्याला खाली उतरवा!"

पिकअप धुऊन झाली, गोष्ट वाळत घातली.