पहिला घोट हत्तीसाठी

पूर्वी कुंतीपूर नगरात उग्रदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व माहुताच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सोमिल. राजाचा मंगलहत्ती नीलांजन त्याच्याच हाताखाली वाढला.

मिरवणुकीआधी हत्तीला मद्य पाजायची तिथे रीत होती. माहुताने समोर पहिला घोट घेतल्याशिवाय हत्ती घागरीला सोंड लावत नसे. सुरुवातीला सोमिल तो घोट थुंकून टाकी. पुढे थुंकणे राहिले. पुढे अर्धी घागर त्याच्याच पोटात जाऊ लागली. वर्षात मिरवणुका चार, पण सोमिल रोज सकाळी घागर घेऊन हत्तिशाळेत जाई. कोणी विचारले तर म्हणे, "हत्तीची सवय मोडता कामा नये."

मला अशा माणसाचा संताप येतो. प्यायचे तर स्वतःच्या नावाने प्यावे, मुक्या जनावराच्या आडून कशाला? आणि तो बोधिसत्त्व होता म्हणून मी त्याला सूट देणार नाही.

त्याची बायको कुमुदा फटकळ होती. ती एकदा म्हणाली, "तुम्ही पिता."

"मी पाजतो."

"मग सकाळी हात का कापतात?"

"अंकुश जड आहे."

"वीस वर्षं तोच अंकुश आहे. आत्ताच जड झाला?" तिने हातातली परात आदळली. सोमिल घागर उचलून निघून गेला.

त्या सकाळी नीलांजनाने घागर सोंडेने बाजूला सारली. सोमिलने त्याच्यासमोर एक घोट घेतला, मग दुसरा. हत्तीने तोंड फिरवले. सोमिलच्या डोक्यात सणक गेली. "पी! पी म्हणतो ना!" असे ओरडत त्याने अंकुश कानामागे हाणला, पुन्हा हाणला. रक्त आले. नीलांजनाने सोंड उगारली नाही, एवढा मोठा जीव भिंतीला अंग चोरून उभा राहिला.

जखमी हत्तीची बातमी राजापर्यंत गेली. मद्य नाकारणारा हत्ती बिघडलेलाच, असे राजाचे मत पडले. "त्याचे सुळे कापा आणि लाकडे ओढायला रानात पाठवा. माहुता, तुझे काय म्हणणे?"

नुसते 'हो' म्हटले असते तर सोमिलला नवा हत्ती मिळाला असता. तो तोंड उघडणार, तोच त्याच्या मनात आले, नवा हत्ती येईपर्यंत घागर कोणाच्या नावाने आणायची?

तो जागीच थिजला. ज्याला लहानाचा मोठा केला त्याचे सुळे कापले जाणार होते, आणि याला काळजी पडली होती घागरीची! त्याला स्वतःची किळस आली, आणि मग भयंकर राग आला.

"महाराज, हत्ती चांगला आहे," तो म्हणाला. "घागर माझ्यासाठी येत होती. तो पिईना, तेव्हा माझे निमित्त गेले, म्हणून मी त्याला मारले. दारुडा मी आहे."

"पुन्हा पिणार नाहीस ना?"

"सांगता येत नाही, महाराज. आत्तासुद्धा हवीशी वाटते आहे. म्हणून माझ्या हातात अंकुश देऊ नका."

राजाने अंकुश काढून घेतला आणि त्याला गवत कापायला लावले. नीलांजनाचे सुळे वाचले. कुमुदा म्हणाली, "आता उपकार केल्यासारखे तोंड करू नका. भारे बांधा." पहिले काही दिवस विळा हातात ठरत नव्हता, अन्न पोटात ठरत नव्हते. रोज सकाळी तो कुमुदाला म्हणे, "आजही हवीशी वाटते." मग गवताला जाई. त्याच्या हातून पेंढी घ्यायला नीलांजनाला पुढचा पावसाळा उजाडला.

ही कथा शास्त्याने वप्पिल भिक्खूला सांगितली. वप्पिल रुग्णशाळेतले औषधी आसव 'चाखून बघतो' म्हणत पीत असे. कथा ऐकून तो हातातली आसवाची वाटी तशीच धरून, मान खाली घालून म्हणाला, "भंते, तो माहूत मीच असणार."

"नाही. हत्ती म्हणजे तो आजारी म्हातारा भिक्खू, ज्याचे औषध तू संपवलेस. कुमुदा म्हणजे तुला हटकणारी उपासिका नंदिला, जिच्यावर तू चिडलास. प्रश्न विचारणारा राजा तू होतास. आणि तो दारुडा माहूत मी. आज प्रश्न मी विचारतो. वप्पिला, तुझ्या हातातली वाटी कोणासाठी?"

वप्पिलने वाटी खाली ठेवली.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

शास्ता म्हणाला, "हीच सत्यपारमिता, खरे बोलण्याची पूर्णता."