शेठच्या लेकीची वरात

कोल्हापुरात गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या इंद्रजितशेठपुढं कुणी तोंड उघडत नसे. रज्जाक मिस्त्रींकडं दुरुस्तीला आलेल्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीसाठी त्यांनी शर्यतीच्या गाडीचा कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, काढला. "डोळे झाकून बसव. व्हॉल्व्हच्या जुन्याच स्प्रिंगा चालतील."

रज्जाक मिस्त्रींनी खोक्यावर बोट फिरवलं. बोटभर धूळ निघाली. एवढा नामी माल पडून कसा राहिला?

"शेठ, उद्या तुमच्या लेकीची वरात. आधी नवरीच्या गाडीत बसवतो."

"खुळा झालास काय? वरातीत गाडी मुंगीच्या पावलानं चालते. ह्यानं ती गचके खात बंद पडेल. आणि रस्ता मोकळा मिळाला म्हणून पळवली, तर जुन्या स्प्रिंगा दगा देतील."

"मग रोजच्या गाडीचा सौम्य शाफ्ट काढा, जोडीच्या नव्या स्प्रिंगांसकट," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "डॉक्टरीणबाई महाद्वार रोडच्या गर्दीतून दवाखान्यात जातात. तिथं रोजच वरात असते."