ढिगाऱ्यातला चौथा माणूस

“चाचा, तुमी आत हाव का?” शरणप्पानं ढिगाऱ्याला विचारलं.

ढिगारा गप्पच.

…

मग आतून दगडावर दगड वाजला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा जरा दमून.

शरणप्पाच्या डोक्यात तिडीक उठली. तासभर त्यानं ह्या माणसासाठी गाव पालथं घातलं होतं. घरी पाहिलं, मशिदीत पाहिलं, चहाच्या टपरीवर पाहिलं. आणि म्हातारा इथं, मातीखाली ठाण मांडून!

दस्तगीर चाचा म्हणजे सत्तरी ओलांडलेले गवंडी. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांनी उघड्या हातांनी माणसं काढली होती. म्हणून तर गावोगावच्या बचाव पथकांना शिकवायला त्यांना बोलावत, आणि त्यांची सही नसेल तर प्रमाणपत्र म्हणजे नुसता कागद.

शरणप्पा गुंजरवाडीच्या पथकाचा म्होरक्या. महिनाभर चाचांच्या हाताखाली शिकलेला. दोर बांधण्यात, तुळई उचलण्यात, जखमीला फळीवर घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याला स्वतःलाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं.

आज परीक्षा होती. पाडलेल्या घराचा दगड, माती, लाकूड आणून गावाबाहेर ढिगारा रचला होता आणि त्यात माणसं लपवली होती. तालुक्याच्या साहेबांनी लपलेल्यांची यादी वाचली, त्यात तीन नावं. पथकानं एकवीस मिनिटांत तिघांना बाहेर काढलं.

तेवढ्यात पाहुणे आले. झालं! शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. टाळ्या अशा पडल्या, जणू भूकंप ह्यांनीच थांबवला. प्रमाणपत्रं वाटली आणि सगळी मंडळी मांडवात मसालेभातावर तुटून पडली. ढिगाऱ्याकडं पुन्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही.

कागदावर चाचांच्या सहीची जागा तेवढी कोरी होती. आज सही झाली नाही, तर उद्या कटर, जॅक आणि दिव्यांची पेटी शेजारच्या गावाला जाणार होती. गुंजरवाडीत अजून चाळीस घरं माळवदाची, डोक्यावर हात हात माती. त्यातल्याच एका घरात शरणप्पाची आई निजत होती.

तो ढिगाऱ्याजवळ वाकला.

“यादीत तिघंच होते, चाचा.”

…

“यादी मोठ्यानं वाचली, तुमाला आतनं ऐकू आलीच असंल. तवाच बोलायचं होतं. ही कसली परीक्षा? ही तर फसवणूक झाली.”

“यादी कुणाची?” आतून आवाज आला.

“सायबाची.”

“सायेब ह्या घरात निजत होता का?”

शरणप्पाचे कान तापले. महिनाभर राबून हे ऐकायचं! तो तरातरा ढिगाऱ्यावर चढला, वरचा मोठा दगड त्यानं दोन्ही हातांनी उपटला, आणि फुफाटा सळसळत आत गेला.

खाली खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना.

“उतर,” चाचा कसेबसे म्हणाले.

तो उतरला. वरून चढायचं नाही, बाजूनं शिरायचं, हे त्यानंच दहा जणांकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं.

त्यानं मांडवाकडं तोंड करून पोरांना हाका मारल्या. पण तिकडं कर्णा लागला होता. पाहुणे पथकाच्या तत्परतेचं कौतुक करत होते आणि त्या कौतुकात हाक कुणाच्या बापाला ऐकू येणार? सामान गाडीत, गाडीला कुलूप, किल्ली ड्रायव्हरजवळ आणि ड्रायव्हर पंगतीत. धावत जाऊन आणावी, तर म्हाताऱ्याला एकटं टाकून जायचं कसं? सायबाला शिव्या देत, चाचांना शिव्या देत, तो हातांनीच दगड काढायला लागला. नखं फुटली.

“मरायचं होतं का तुमाला?” तो दगड मागं टाकत म्हणाला. “ह्या वयात? माझ्या एका कागदापायी?”

“माझी बहीण,” चाचा म्हणाले, “माहेरी आली होती.”

शरणप्पाचा हात थांबला.

“त्या साली. दोन दिसांसाठी आली होती. म्या गल्लीच्या त्या टोकाला माणसं काढत होतो. आमच्या घरावर लोक आले. यादी बघितली. चौघांची नावं होती, चौघं काढले… अन् पुढच्या घराला गेले.”

“मग?”

…

“चाचा, मग?”

काहीच नाही. खोकलासुद्धा नाही.

शरणप्पानं घाईघाईनं आणखी तीन दगड ओढले आणि मग त्याला उमगलं, की आपल्याच दगडांच्या आवाजात आपल्याला काही ऐकू येत नाहीये. त्याचा सगळा राग पार उतरला. त्याला भीती वाटली, साधी, लहान पोराला वाटते तशी. त्यानं हात आवरले, श्वास आवरला, कान तुळईला लावला. एक दगड घेऊन तिच्यावर तीनदा वाजवला.

…

पुन्हा तीनदा.

…

अगदी डाव्या हाताला, तो उकरत होता त्याच्या चार हात पलीकडं, नखानं लाकूड खरवडल्यासारखं काहीतरी झालं.

महिनाभर शिकला तो, पण चुकीच्या जागी खणत होता. आवाज एकीकडून येत होता आणि माणूस दुसरीकडं होता. त्यानं जागा बदलली. आता घाई केली नाही. एक दगड काढायचा, थांबायचं, ऐकायचं. एका जागी दाराची फळी लागली. तिला दगडांचा टेकू देऊन त्यानं हात आत घातला, तेव्हा एक खरबरीत, गार मनगट हाताला लागलं.

चाचा बाहेर आले ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. भुवयासुद्धा दिसत नव्हत्या. शरणप्पानं त्यांना टेकवून बसवलं आणि खांद्यावरच्या पंच्यानं त्यांचं तोंड पुसलं. त्याला रडू येत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही.

“चुकलं,” तो म्हणाला. “पण तुमी असं करायला नको होतं.”

चाचांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. मग त्यांची नजर त्याच्या खिशातल्या गुंडाळीवर गेली आणि त्यांनी हात पुढं केला.

शरणप्पाला तो कागद आता द्यावासा वाटेना. पण हात तसाच पुढं होता. त्यानं दिला.

चाचांनी कागद उलगडला, डोळ्यांतली माती झटकली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचला. “सर्व अडकलेल्या व्यक्तींची… यशस्वी… सुटका.” खाली तारीख. त्याखाली साहेबांची लफ्फेदार सही. त्याशेजारी कोरी जागा.

मांडवात पुन्हा टाळ्या पडल्या.

“पेन आण,” चाचा म्हणाले. “अन् मेलेल्या माणसाची सही चालती का, तेवढं सायबाला इचारून ये.”