पाना कुठं लावू?

खंडेनवमीला चाकणच्या एका मोटार कारखान्यात पूजेसाठी दोन सांगाडे शेजारी ठेवले होते, एक जुन्या गाडीचा आणि एक नव्या गाडीचा. हार घातलेल्या नव्या सांगाड्यावर थाप मारत निमकरसाहेब म्हणाले, "जुना सत्तर तुकडे जोडून व्हायचा. हा एकच ओतीव तुकडा! हलका आणि दुप्पट मजबूत. जुन्यात होतं आणि यात नाही, असं काही दाखवा बघू कोणीतरी."

तीस वर्षं सांगाडे जोडणारे वाळुंज मिस्त्री पुढे आले. पूजेतला आपला पाना त्यांनी हळदकुंकवासकट साहेबांच्या हातात दिला. "साहेब, खड्ड्यात आपटून पुढचा कोपरा वाकला, तर जुन्यात चार नट खोलून तेवढाच बदलायचो. यात पाना कुठं लावू, तेवढं सांगा."

साहेबांनी वाकून सगळा कोपरा चाचपला. नट सापडेना. पण कोणी हसलं नाही. जोडणीचं खातं दसऱ्यानंतर बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेब ओशाळून म्हणाले, "मिस्त्री, हा पाना आठवण म्हणून काचेच्या पेटीत ठेवू."

"ठेवा," मिस्त्री म्हणाले. "फक्त पेटीला नटबोल्ट लावा. कधी लागलाच, तर काढता यायला हवा."