गजराबाईचा झोपलेला हात

मुलांनो, आधी एक सांगा. विश्वास कोणावर ठेवावा? गोड बोलेल त्याच्यावर, की तोंडावर खरं सांगेल त्याच्यावर? घाई नका करू. बाजारात मुरलेली माणसंसुद्धा इथे फसतात. पांघरुणं घ्या आणि ऐका.

कांकणपूर नावाचं नगर होतं. तिथे एक राजा होता, आणि राजाच्या आधी लोक जिचं नाव घेत अशी गजराबाई कासारीण होती. बाईचा हात कितीही राठ असो, गजराबाई तो धरायची, अंगठ्याखालचा उंचवटा दाबून मऊ करायची आणि काचेची बांगडी सर्रकन मनगटावर. एक ओरखडा नाही, बरं का.

नगराची रीत अशी, की बारशाला ज्या हातानं पहिली बांगडी भरली, त्याच हातानं लग्नाचा हिरवा चुडा भरायचा. राजकन्या रत्नावळीची पहिली बांगडी गजराबाईनं भरली होती. आता राजकन्येचं लग्न माघात ठरलं होतं.

आणि चैत्रात एकदा काय झालं, गजराबाई दुकानाची फळी काढता काढता मटकन खाली बसली. अर्धांगवायूचा झटका. उजवं अंग लुळं पडलं.

राजवैद्य धावत आले. औषध दिलं, म्हणाले, "थोडे दिवस विश्रांती." मग दूरच्या गावात साथ आली म्हणून ते तिकडे गेले.

राजाचा गजराबाईवर फार जीव. थोडे दिवस म्हणजे किती, हे त्यानं विचारलंच नाही. त्यानं तिला वाड्यातली सगळ्यात शांत खोली दिली. खिडक्यांना जाड पडदे लावले. मग दवंडी पिटली, की आसपास कोणी बांगडी वाजवायची नाही. बायका मनगटाला फडकी गुंडाळून हिंडू लागल्या. कोंबड्यांची रवानगी वेशीबाहेर झाली.

पावसाळा सरला, तरी हात तसाच. दासी म्हणायच्या, "काकू, आज बोट हललं हं." गजराबाई खूश व्हायची. मग तिनं नणंदेला, येसूला विचारलं, "वन्सं, हललं ना?"

येसू म्हणाली, "नाही वहिनी. बोटावर माशी होती, ती हलली."

गजराबाईनं भिंतीकडे तोंड केलं. चुडा भरता आला नाही तर आपण कसली कासारीण? असं मनात आलं, आणि तेवढ्यात तिचा उजवा हात बोलला. हात कुठे बोलतो का? कांकणपुरात बोलतो.

हात म्हणाला, "बाई, माझ्यावर कशाला रागावता? तुमच्या डोक्यातून माझ्याकडे निरोप्या येतो ना, त्याच्या वाटेवरचा पूल पडलाय."

"मग दुसऱ्या वाटेनं ये म्हणावं त्याला."

"पाऊलवाटा आहेत. पण येऊन सांगायचं काय? इथे धरायला काही नाही, ऐकायला काही नाही. तो तिकडे पेंगतो, मी इकडे."

मग गजराबाईनं हट्ट धरला, मला दुकानात न्या. राजा ऐकेना. तेवढ्यात राजवैद्य परतले आणि खोली बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "महाराज, रोप वादळापुरतं घरात घ्यायचं असतं. आता उजेडात ठेवा. हात येईलच अशी हमी मी देत नाही. काहींचा येतो, काहींचा अर्धाच येतो. आणि बाई दमल्या, की निजू द्या."

मग गजराबाईची बाज चौकात दुकानापुढे आली. समोर भजी तळणारा, शेजारी गजरेवाली, दोघांचं दिवसभर भांडण. गजराबाई मध्ये पडून निवाडे करू लागली, आणि बोलता बोलता कोपर हललं. येसू म्हणाली, "कोपर हललं. बोटं नाहीत."

मग येसूनं परातभर तांदळात चिंचोके लपवले आणि रोज तिचा हात त्यात बुडवून म्हणायची, "शोधा." बायका भोवती बसून ओव्या म्हणायच्या. कधी हात रुसायचा, कधी गजराबाई. पण एक दिवस बोटं मिटली, आणि मुठीत चिंचोका निघाला.

मग आली एक कुंभारीण, हात दगडासारखा. येसू बांगडी नुसती रेटत होती. गजराबाईला ते बघवेना. "वन्सं, हात मोडाल तिचा," असं म्हणत तिनं कुंभारणीच्या अंगठ्याखाली दाबलं. उजव्या हातानं. भजीवाल्याचा झारा तसाच वर राहिला.

गजराबाई हळूच म्हणाली, "वन्सं?"

"हलला, वहिनी," येसूनं हातातली बांगडी खाली ठेवली. "करंगळी तेवढी नाही."

माघ आला. मांडवात दासी कुजबुजल्या, "काकू, पदराखालून येसूबाई भरतील, कोणाला कळतंय?" गजराबाई म्हणाली, "मला कळेल." मग तिनं राजकन्येचा हात धरला. डावा हात मदतीला, उजवा कापतोय, पण दाबतोय. सनईवाल्यांनी तीच धून पुन्हा पुन्हा वाजवली, भटजी मुहूर्ताकडे बघत राहिले, राजकन्या मात्र हसत बसली. आणि चुडा भरला. ओरखडा एकच आला, तोही राजकन्येनं कौतुकानं सगळ्यांना दाखवला.

करंगळी पुढेही वाकडीच राहिली. गजराबाई तिच्यासकट सुखात राहिली, आणि कांकणपुरात बांगड्या पुन्हा वाजू लागल्या.

चला, दिवा बारीक करते. उद्या उठलात की खेळा, शिका, पडा, उठा. आणि काय जमलं, काय राहिलं, याचा हिशेब खरा मांडा रे बाळांनो.