भुऱ्याची जादा खेप

जनावरं बोलायची आणि माणसं ऐकूनही घ्यायची, तेव्हाची गोष्ट. भुऱ्या गाढवानं नदीवरून माती वाहिली आणि सखोबा कुंभारानं तिचे बैल घडवले. पोळ्याला त्या मातीच्या बैलांपुढे पुरणपोळी आली. भुऱ्यापुढे मात्र वाळकं गवत.

"मालक, यांना भूक लागते?" भुऱ्यानं विचारलं.

"मातीला कसली भूक?"

"मग ज्याला लागते त्याला पोळी का नाही?"

"कारण तू गाढव!" सखोबा म्हणाला खरं, पण भुऱ्याचं बोलणं त्याच्या मनाला लागलं.

पुढच्या पोळ्याला त्यानं बैलांशेजारी मातीचं गाढव मांडलं, कुंकू लावलं, पुरणपोळी वाढली. "आता खूश?"

"खूश, मालक," भुऱ्या म्हणाला. "फक्त याच्या मातीची जादा खेप कुणी वाहिली, ते त्याला सांगू नका. घास उतरायचा नाही त्याच्या घशाखाली."